सेटॲट्रचा लूप

कुणाचाही पायथन कोड हाती आला की मी आधी क्लासचं इनिट उघडते. ऑब्जेक्ट तयार होताना त्याला काय काय मिळणार, हे तिथे कळायला हवं. पण जुन्या कोडमध्ये कित्येकदा तिथे दोनच ओळी असतात. आलेल्या कीवर्ड आर्ग्युमेंट्सवर लूप फिरवायचा आणि सेटॲट्रने एकेक ॲट्रिब्यूट बसवायचं.

पायथनमध्ये कीवर्ड आर्ग्युमेंट्स आली १९९५ साली, १.३ आवृत्तीत. डबल स्टार लावला की हवी तितकी नावं एका डिक्शनरीत गोळा होतात. ऑब्जेक्टची ॲट्रिब्यूट्सही एरवी डिक्शनरीतच असतात. मग एक दुसरीत ओतायचा मोह होणारच. ॲलेक्स मार्टेलींनी ‘बंच’ नावाच्या चिमुकल्या क्लासमध्ये नेमकं तेच केलं, आणि २००२ च्या ‘पायथन कुकबुक’मध्ये ते छापून आलं.

त्याच सुमारास, २००१ च्या अखेरीस, २.२ आवृत्तीने प्रॉपर्टी आणि स्लॉट्स आणले, आणि ओतणं व बसवणं यांत फरक पडला. वय ऋण नसावं ही तपासणी प्रॉपर्टीच्या सेटरमध्ये असेल, तर सेटॲट्र तिच्यातूनच जातो. थेट डिक्शनरीत ओतलेली व्हॅल्यू मात्र तिला वळसा घालते. वाचताना पुन्हा प्रॉपर्टीच पुढे येते, म्हणून ती व्हॅल्यू दिसतही नाही. स्लॉट्सवाल्या क्लासला तर बहुधा डिक्शनरीच नसते. म्हणून सेटॲट्रच वापरा, असं मी विद्यार्थ्यांना बजावते.

तरी मोठा धोका उरतोच. ‘टाइमआउट’चं स्पेलिंग एका अक्षराने चुकलं, तर नवंच ॲट्रिब्यूट निमूटपणे तयार होतं आणि खऱ्या टाइमआउटची डीफॉल्ट व्हॅल्यू तशीच राहते. १९९४ च्या कॉमन लिस्प प्रमाणकात अनोळखी नावाला एररची सोय होती. एसक्यूएलअल्केमीचा डीफॉल्ट कन्स्ट्रक्टरही हाच लूप फिरवतो, पण ते नाव क्लासवर आहे का, हे आधी पाहतो. नसेल तर टाइपएरर. ती एक तपासणी मला लाखमोलाची वाटते.

२०१८ मध्ये ३.७ आवृत्तीत, एरिक स्मिथ यांच्या पीईपी ५५७ मुळे, डेटाक्लास आले. फील्ड्स आपण लिहायची, इनिट आपोआप तयार होतं, आणि न सांगितलेलं नाव आत येऊ शकत नाही. तरी आर्गपार्सच्या नेमस्पेस क्लासात सेटॲट्रचा लूप आजही आहे. तिथे तो शोभतोच. कमांड लाइनवर कोणते पर्याय असतील, हे प्रत्येक प्रोग्राम लिहिणारा ठरवतो. लायब्ररीला ती नावं आधी कळणार कुठून?