शाळेतला संगणक आणि ‘किमान कौशल्य’

अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचे दिवस आले की धामणकर नाक्यापासून कल्याण नाक्यापर्यंत सायबर कॅफेंबाहेर पोरांची रांग लागते. दहावी पास झालेलं पोरगं काउंटरवाल्याला म्हणतं, “भैया, मेल आयडी बना दो, फॉर्म भी भर दो.” आई पदरातून पैसे काढते, काम होतं. दरवर्षी हे बघतो आणि दरवर्षी तोच प्रश्न पडतो. आपल्या देशातल्या शाळांत संगणक येऊन चाळीस वर्षं झाली, मग हे पोरगं रांगेत का उभं?

मंडळी, थोडं मागे जाऊ.

1984-85 साली केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाचा प्रकल्प आणला. मशीन ब्रिटनचं, बीबीसी मायक्रो. सुरुवात अडीचशेच्या आसपास शाळांत. हेतू एवढाच की पोरांना संगणक म्हणजे काय ते कळावं. त्यावर पोट भरता यावं हा विचार वेगळ्या वाटेने आला. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ठरवलं की अकरावी-बारावीची 10 टक्के मुलं 1990 पर्यंत आणि 25 टक्के 1995 पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळवायची. त्यापाठोपाठ महाराष्ट्राने 1988-89 पासून एमसीव्हीसी सुरू केलं. किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम. भाषा, एक सामान्य पायाभूत विषय, आणि बाकी सगळा भर एकाच व्यवसायावर.

नाव नीट वाचा. ‘किमान कौशल्य’. पोरगं किती तास वर्गात बसलं, किती पानं पाठ केली, हे विचारायचं नाही. काम येतं की नाही, एवढंच बघायचं. आज ‘कॉम्पिटन्सी बेस्ड’ म्हणून जे शिक्षकांच्या प्रशिक्षणात नव्याने सांगतात, ते आपल्या राज्याने तेव्हाच पाटीवर लिहून ठेवलं होतं. फक्त आपण पालकांनी त्या शाखेला कायम कमी लेखलं. कुठेच नंबर लागला नाही की एमसीव्हीसी.

हुशार पोरांसाठी दुसरी सोय होती, बायफोकल. विज्ञान शाखेत कॉम्प्युटर सायन्स घेतलं की 200 मार्कांचा विषय, दुसरी भाषा आणि आणखी एक विषय सुटतो. घेणाऱ्यांपैकी किती जणांना संगणकाची आवड होती आणि किती जणांना मार्कांची, हे तुम्हीच आपल्या घरात विचारा. त्यात 8085 मायक्रोप्रोसेसर शिकवायचे. इंटेलने तो 1976 साली काढला. हातात स्मार्टफोन आलेली पोरंसुद्धा त्याचे प्रोग्रॅम कागदावर लिहून पास झाली.

खरं किमान कौशल्य बघितलं ते मी टायपिंग क्लासमध्ये. नव्वदीच्या शेवटी गावातल्याच एका क्लासला जायचो. पत्र्याची शेड, बाजूला लूमचा खडखड आवाज, आत टाइपरायटरांचा. पहिला महिना नुसतं एएसडीएफ. सर मागून येऊन पट्टी मारायचे, बोट चुकलं म्हणून नाही, कीबोर्डकडे बघितलं म्हणून. परीक्षा राज्य परीक्षा परिषदेची, इंग्रजी 40, मराठी 30. संगणकाची व्याख्या लिहा, फायदे-तोटे सांगा, असलं काही नाही. एक उतारा, एक पत्र, एक तक्ता. घड्याळ लावलं की बोटं बोलतील ती. तीस म्हणजे तीस. पत्रकारितेची पदविका मी नंतर केली, पण पेपरात पहिलं काम मिळालं ते या तीसच्या जोरावर.

हे शाळेत का झालं नाही? मशीन आलं, पण त्याच्याबरोबर राहणारा माणूस आला नाही. डिसेंबर 2004 मध्ये केंद्राची आयसीटी योजना आली. महाराष्ट्रात ती ‘बूट’ पद्धतीने राबवली. म्हणजे कंपनीने लॅब उभारायची, शिक्षक नेमायचा, पाच वर्षं चालवायची, मग शाळेच्या हवाली करायची. हवाली झाले ते संगणक. शिक्षक कंपनीचा, तो कराराबरोबर गेला. हेच संगणक शिक्षक पुढे आझाद मैदानावर बसलेले आपण पाहिले. टायपिंगच्या सरांसारखं वर्षानुवर्षं मागे उभं राहायला त्या लॅबमध्ये कुणी उरलंच नाही.

मधल्या काळात, 2001 पासून, एमकेसीएल आणि एमएस-सीआयटी. सरकारी नोकरीसाठी लागायचं म्हणून गल्लीगल्लीत सेंटर झाली. लाखो लोकांचा हात पहिल्यांदा माउसवर पडला तो तिथे, हे मान्य करायलाच हवं. पण फी भरून. जे शाळेत फुकट मिळायला हवं होतं, ते शाळेबाहेर विकत घ्यावं लागलं. लूमवर पाळी करणाऱ्या बापाला ते जड जातं.

मग डिसेंबर 2013 ची राष्ट्रीय कौशल्य चौकट, एनएसक्यूएफ. त्यातून नववी-दहावीला आयटीचा विषय आला. त्याचा अभ्यासक्रम मी वाचलाय, चांगला आहे. ‘डेटा एन्ट्री ऑपरेटर’ हे काम समोर ठेवून पोराला काय काय करता आलं पाहिजे, ते एकेक करून लिहिलंय. 2020 च्या धोरणाने तर 2025 पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख करून द्यायची म्हटलं होतं.

आता आपल्या गावाकडे बघा. माणकोली, पूर्णा, काल्हेर, दापोडे. शेतं होती तिथे गोदामं झाली. 2017 ला जीएसटी, 2018 ला ई-वे बिल. गाडी हलवायची तर आधी पोर्टलवर बिल, माल उचलायचा तर आधी स्कॅनर. माझ्या ओळखीचा एक सुपरवायझर भरतीला मार्कशीट बघतच नाही. लॅपटॉप पुढे सरकवतो, म्हणतो, हे चाळीस आयटम एक्सेलमध्ये टाक, बेरीज आण, मला मेल कर. दहा मिनिटं देतो.

गेल्या पावसाळ्यात मी तिथे बसलो होतो. आपल्याच गावातलं एक पोरगं आलं, बारावीला संगणकाचा विषय, मार्क चांगले. एका बोटाने अक्षरं शोधत बसलं. दहा मिनिटांत अकरा आयटम झाले.

काम मिळालं त्याला. लोडिंगला.