टीव्ही गेमची दुरुस्ती : जिल्ह्याच्या इतिहासातले एक न लिहिलेले पान

परभणी जिल्ह्याचा इतिहास लिहावयास बसणारे विद्वान देवगिरीच्या यादवांपासून आरंभ करतात, निजामाची राजवट ओलांडतात, १७ सप्टेंबर १९४८ या दिवसापाशी घटकाभर थांबतात आणि १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला एवढे सांगून लेखणी खाली ठेवतात. त्यांचे बरोबरच आहे. पण त्याच शेवटच्या दहा वर्षांत गंगाखेड, सेलू, मानवत, जिंतूर अशा आमच्या गावांतून एका लहानशा यंत्राने पोरांना वेड लावले होते. १९६७ च्या गॅझेटियरात ते असणे शक्यच नव्हते आणि पुढे कोणी मुद्दाम लिहून ठेवावे अशी त्याची प्रतिष्ठा नव्हती. त्याचा दस्तऐवज म्हणजे ते यंत्रच. आणि जुनी यंत्रे पंचवीस-तीस वर्षांनी हाती येतात ती बहुधा बिघडलेलीच. तेव्हा हा इतिहास वाचावयाचा तो बिघाडांतून.

मूळ यंत्र जपानचे. क्योटो शहरातल्या निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ते बाजारात आणले. ही कंपनी १८८९ पासून पत्ते छापणारी. म्हणजे खेळ विकणे हा तिचा पिढीजात धंदाच. मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या देखरेखीखाली यंत्राची रचना झाली आणि त्याला नाव दिले ‘फॅमिली कॉम्प्युटर’. आमच्याकडे हे नाव कोणी ऐकलेही नव्हते. आमच्याकडे आल्या त्या त्याच्या नकला, तैवान आणि चीनच्या बाजूने निघालेल्या. कोणावर ‘मीडिया’ असे छापलेले, आणि कित्येकांवर काहीच नाही. बोलण्यात सगळ्यांचे नाव एकच, ‘टीव्ही गेम’. खेळाच्या डबीला म्हणावयाचे कॅसेट. तिच्यात फीत नव्हती, तरी नाव तेच पडले. ज्याच्या घरी गेम, त्याच्या ओसरीवर गावची पोरे. ज्याच्या घरी नाही, त्याने तो तासावर भाड्याने आणावयाचा.

पहिला बिघाड साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. कॅसेट बसवावी, बटण दाबावे, आणि पडदा करडा पडावा किंवा त्यावर तुटकी अक्षरे दिसावीत. मग कॅसेट काढून तिच्या तोंडात फुंकर मारावयाची. ही फुंकर जपानातही होती, अमेरिकेतही होती. एकमेकांना न विचारता जगभरच्या पोरांनी शोधलेला हा उपाय. आणि तो चुकीचा होता! कॅसेटच्या तोंडाशी दोन्ही बाजू मिळून साठ पितळी रंगाच्या पट्ट्या असतात. त्या आतल्या साठ पात्यांना नीट टेकल्या तर खेळ चालतो. गुण येत असे तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने, कारण घासल्यामुळे पट्टी स्वच्छ होई. फुंकरीतला ओलावा मात्र पट्ट्यांवर राही आणि त्यांना हळूहळू गंज चढे. जुन्या कॅसेटच्या पट्ट्यांवर हिरवट डाग दिसले तर ते आपल्या बालपणीच्या श्वासाचे अवशेष आहेत असे समजण्यास हरकत नाही.

त्यावर उपाय सोपा. दुकानात ज्याला नुसते ‘आयपीए’ म्हणतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या बोळ्यावर घ्यावे, पट्ट्या पुसाव्यात, पूर्ण वाळू द्याव्यात. खोडरबराने घासण्याची चाल आमच्या शाळकरी मंडळींत होती; पण वरचा मुलामा अगदी पातळ असतो, फार घासले की तोच निघून जातो. अमेरिकेत १९८५ साली हेच यंत्र व्हीसीआरसारखे दिसावे म्हणून कॅसेट समोरून आत सारून खाली दाबण्याची युक्ती काढली गेली. तिच्यामुळे पाती सैल पडू लागली आणि तिकडच्या पोरांचा ताप वाढला. आमच्या नकली यंत्रांत कॅसेट वरून सरळ उभी बसे. स्वस्तातल्या वस्तूला कधी कधी असा फायदा मिळतो.

दुसरा बिघाड मात्र आपल्याकडचा खरा, आणि त्याच्यासाठीच हा लेख लिहावयास घेतला. परभणीच्या एका वयस्क रेडिओ-टीव्ही मेकॅनिकांकडे मी या निमित्ताने दोन-चार संध्याकाळी बसलो. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि पोट भरतो ते मराठी शिकवून. विजेचे जे कळले ते त्यांच्याकडून. ते म्हणाले, “गुरुजी, बहुतेक मशिनी मी उघडतच नव्हतो. आधी अडॅप्टर बघायचा.”

हे यंत्र चालते नऊ व्होल्टवर. आत ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर असतो. तो नवाचे पाच करतो आणि उरलेली शक्ती उष्णतेच्या रूपाने टाकून देतो. त्याला निदान सात व्होल्ट मिळाले पाहिजेत. आता खेड्यातली संध्याकाळ डोळ्यांपुढे आणा. शेतातल्या मोटारी सुरू, घराघरांतले दिवे लागलेले आणि २३० व्होल्टच्या जागी दीडशे. साध्या अडॅप्टरात त्याच प्रमाणात नवाचे सहा होतात. मग चित्र थरथरते, खेळ अर्ध्यावर पहिल्या पायरीला येतो. पोरे हुशार! अडॅप्टरवर तीनपासून बारापर्यंत आकडे असलेली सरकती कळ असे, ती बारावर नेऊन ठेवीत. खेळ चाले. पण रात्री मोटारी बंद होत, वीज पूर्ववत होई, आणि कळ बारावरच. आता रेग्युलेटरला चाराऐवजी सात व्होल्ट जाळावे लागत. तो तापला की स्वतःच बंद पडे, थंड झाला की पुन्हा सुरू होई. ‘अर्ध्या तासाने चित्र जाते’ ही तक्रार म्हणजे हाच प्रकार. मेकॅनिकांच्या आठवणीप्रमाणे खेड्यांतून येणाऱ्या यंत्रांत हा दोष जास्त, शहरातल्यांत कॅसेटच्या पट्ट्यांचा. जिल्ह्यात वीज कोठे कशी पोहोचत होती, हे पोरांच्या खेळण्यावर असे उमटून राहिले आहे.

त्याच अडॅप्टरवर धन-ऋण उलटसुलट करणारी आणखी एक कळ असे. मूळ जपानी यंत्राला पिनेच्या मध्यभागी ऋण लागते; बाजारातल्या अनेक उपकरणांना धन. ही कळ उलटी पडली की काही यंत्रे एका क्षणात कामातून जात. शिवाय कपॅसिटर. त्याच्या आत ओलसर द्रव असतो आणि दर दहा अंश उष्णतेला त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. परभणीच्या मे महिन्यात, पत्र्याच्या छपराखाली, बिचाऱ्याचे काय व्हावे! वरचे टोपण फुगलेले दिसले किंवा चित्रावर आडवे जाड पट्टे वर सरकू लागले, की तो बदलावा.

हातातल्या रिमोटची परीक्षा त्या मानाने सोपी. आठ बटणांची बातमी एकाच तारेतून एकामागून एक यंत्राकडे जाते. म्हणून एकच बटण मेले तर दोष खालच्या रबराच्या काळ्या टिकलीचा. सगळीच मेली तर वायर तुटलेली, आणि ती बहुधा रिमोटच्या तोंडाशीच. तेवढा तुकडा कापून तारा पुन्हा कथलाने जोडल्या की काम झाले. बंदुकीला मात्र दोष देऊ नये. ती गोळी सोडत नाही, उलट पडद्याचा प्रकाश स्वतः आत घेते. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. तो बंदुकीला दिसला तर नेम लागला. हा हिशेब जुन्या काचेच्या टीव्हीचा आहे. आजच्या चपट्या टीव्हीवर बदके अमर आहेत.

निन्टेन्डोने मूळ यंत्राचे उत्पादन २००३ साली थांबवले. सुटे भाग मिळेनात म्हणून २००७ च्या ऑक्टोबरअखेर दुरुस्तीही बंद केली. आमच्याकडच्या नकलांचा कारखाना कोणता हेच कळत नव्हते, म्हणून दुरुस्ती पहिल्या दिवसापासून आमचीच होती. तिलाही एक हद्द होती. मूळ यंत्रात चिप वेगवेगळ्या. एक गेली तर ती काढून दुसरी बसवता येई. पुढेपुढे नकला करणाऱ्यांनी सारा मेंदू एकाच ठिकाणी घालून त्यावर डांबरासारखा काळा थेंब ओतला. तो थेंब बिघडला की मेकॅनिक यंत्र उलटे करून गिऱ्हाइकाला दाखवीत आणि पैसे न घेता परत देत.

यंदा माळा झाडताना असे यंत्र सापडले तर एकदम बोर्डात घालू नका. अडॅप्टरची कळ नवावर आहे ना, पाहा. मल्टिमीटरवाल्याकडून धन-ऋण तपासून घ्या. पट्ट्या पुसा, झाकण उघडून फुगलेला कपॅसिटर शोधा. टीव्हीला पिवळी पिन नसेल तर तिसऱ्या-चौथ्या चॅनेलच्या आसपास सावकाश शोधा. आधी मुंग्या दिसतील, मग चित्र. आणि फुंकर मारण्याचा मोह होईलच, तेव्हा कॅसेट धाकट्यांच्याच हाती द्या, कारण धाकट्यांना ती सवय मुळीच नाही.