खंजिरीचा क्रमांक कोणता?

नागपूर–अमरावती रस्त्याने कारंजा (घाडगे) सोडून पुढे गेले की अमरावती जिल्ह्यात मोझरीचे गुरुकुंज लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे (१९०९–१९६८) या भागात भजन म्हटले की खंजिरी आलीच. पण असे भजन संगणकावर ‘मिडी’ फाइल म्हणून उतरवले, तर ती वाजताना खंजिरी ऐकू येत नाही. असे का व्हावे?

मिडी फाइलमध्ये आवाज नसतोच. कोणती पट्टी केव्हा, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली, एवढीच नोंद असते. स्वरलिपीची वहीच म्हणा ना! म्हणून तीन मिनिटांचे गाणे सीडीवर सुमारे ३० मेगाबाइट जागा घेते, तर मिडीत काही किलोबाइटांत मावते. ही पद्धत १९८३ मध्ये आली. वाद्यांचे क्रमांक मात्र प्रत्येक कारखान्याचे वेगळे होते. एकाची बासरी दुसऱ्याकडे तुतारी होई. १९९१ मध्ये १२८ वाद्यांची सामाईक यादी ठरली. तीत १०५ वी सतार, ११२ वी शहनाई. तबला नाही. दहावी वाहिनी तालवाद्यांची. तिच्यात ५४ क्रमांकावर पाश्चात्त्य टॅम्बोरिन आहे. तो खंजिरीचा नातलग खरा, पण थापेचा आवाज वेगळा.

यावर तोड निघाली ती १९९४ मध्ये. ‘साउंड ब्लास्टर एडब्ल्यूई ३२’ या कार्डावर ५१२ किलोबाइट मोकळी स्मृती होती. तिच्यात ‘साउंडफाँट’ नावाचा स्वतःचा ध्वनिसंच भरता येई. आज कार्डाचीही गरज नाही. ‘पॉलिफोन’ हा मोफत प्रोग्राम पुरतो. खंजिरीची हलकी आणि जोरदार थाप वेगवेगळी ध्वनिमुद्रित करावी, ५४ क्रमांकाच्या पट्टीला जोडावी, आणि कोणत्या जोराला कोणती थाप हे ठरवावे. झांजांची किणकिण पूर्ण विरेपर्यंत मुद्रण थांबवू नये. विद्यार्थ्यांकडून हे जरूर करवून घ्यावे.

पेटीचे काम अधिक कठीण. एकच स्वर मुद्रित करून तो दुप्पट वेगाने वाजवला तर वरच्या सप्तकातला स्वर मिळतो, पण तो निम्म्या वेळात संपतो आणि त्याचा पोतही बदलतो. म्हणून दर दोन-तीन पट्ट्यांना नवे मुद्रण हवे. शिवाय पट्ट्या समान अंतराच्या: गंधार षड्जापासून ४०० सेंटवर, तर शुद्ध गंधार ३८६ वर. (अर्धस्वर म्हणजे १०० सेंट.)

हे दुखणे जुने आहे. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले. तशा श्रुतींची पेटी लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून करवून घेण्यात आली. ध्वनिसंचात प्रत्येक पट्टीचे सेंट वेगळे लिहिता येतात. गंधारापुढे उणे १४ लिहिले की झाले. मींड मात्र अशी साधत नाही. तिच्यासाठी स्वर वाकवण्याची आज्ञा फाइलमध्येच, क्षणाक्षणाला लिहावी लागते.