सुई तिच्या हाती, सही नाही

आरोग्यसेवांची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा अहवाल 1946 साली आला, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात 6,300 लोकांमागे एक डॉक्टर होता आणि नर्स 43,000 लोकांमागे एक. तरी समितीचा आग्रह एकाच प्रतीच्या, पूर्ण शिकलेल्या डॉक्टरचा. लायसेन्शिएट म्हणजे कमी मुदतीत शिकलेल्या डॉक्टरांचे अभ्यासक्रम पुढे बंद झाले आणि खेड्यातली रिकामी जागा एमबीबीएसवाल्यांनी फारशी भरली नाही. भरली ती उपकेंद्रातल्या नर्सबाईने, एएनएमने. पण ते काम तिला विचारपूर्वक नेमून दिलेलं नव्हतं, गळ्यात पडलेलं होतं. म्हणून त्यासोबत ना शिक्षण आलं, ना औषधाच्या चिठ्ठीवर सही करायचा अधिकार.

1970च्या दशकात तिला बहुउद्देशीय आरोग्यसेविका केलं गेलं. कुटुंबनियोजन, लसीकरण, हिवताप, शिवाय नोंदवह्यांचा ढीग. काम वाढलं, प्रशिक्षण मात्र 24 महिन्यांवरून 18वर आलं आणि कात्री लागली ती बाळंतपणाच्या शिक्षणालाच! गरोदर बाईला झटके येऊ लागले तर जीव वाचवणारं औषध मॅग्नेशियम सल्फेट: दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, सुई खोलवर, आणि लगेच मोठ्या रुग्णालयात रवानगी. हा पहिला डोस देण्याची मुभा एएनएमला 2005च्या सुमारास मिळाली. तोवर नियमाने तिच्या हाती एकच उरत होतं, गाडी शोधणं.

नर्सला उपचाराचे अधिकार देऊन गरिबांच्या माथी दुय्यम उपचार मारता, हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. छत्तीसगडमधल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या 2010च्या अभ्यासात तीन वर्षं शिकलेले ग्रामीण वैद्यकीय सहायक एमबीबीएसच्या तोडीस तोड ठरले. उपचार करणाऱ्या नर्स आणि फार्मासिस्ट बरेच मागे पडले. आक्षेप घेणारे इथेच पूर्णविराम देतात. पण एमबीबीएस नसलेला सहायक टिकतो तो तपासणी-निदान रीतसर शिकल्यामुळे. नर्सला ते कुणी शिकवलं होतं? बोत्स्वानातही डॉक्टर तुटपुंजेच होते. तिथल्या नर्स रोगी तपासतच होत्या. 1981मध्ये त्यांच्यासाठी फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरचा अभ्यासक्रम निघाला. आधी काम, मग त्याचं शिक्षण, एवढं तरी झालं.

आपल्याकडे प्रसूतीसाठी 18 महिन्यांच्या नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रमाची मार्गदर्शक तत्त्वं यायला 2018 उजाडलं. त्याच सुमारास उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी हे पद निघालं, बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या परिचारिका त्याला पात्र होत्या. महाराष्ट्राने त्या खुर्चीवर मोठ्या संख्येने बीएएमएस डॉक्टर बसवले.