थंड दिव्याची उष्णता

एल्. ई. डी. दिव्याचा प्रकाश थंड असतो, असें आपण नेहमीं म्हणतों. दिव्यापुढें हात धरला तर तो भाजत नाहीं, म्हणून तें खरेंहि वाटतें. परंतु विजेरीचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे निराळेंच दिसतें. या थंड दिव्याची उष्णता बाहेर काढावयाची कशी, याच प्रश्नापाशीं विजेरीचें तेज कांहीं वर्षें अडून राहिलें होतें.

१० जानेवारी १८९९ रोजीं डेव्हिड मायसेल यांना अमेरिकेंत विजेरीचें पेटंट मिळालें. कागदी नळींत कोरडे विद्युत्‌घट व टोंकाला दिवा, एवढीच तिची रचना. घट अशक्त असल्यामुळें दिवा क्षणभर लावून लागलीच विझवावा लागे. यावरूनच तिकडे तिला ‘फ्लॅशलाइट’ हें नांव पडलें. तो दिवा तंतूचा होता. तंतु दोन हजार अंशांच्या आसपास तापावा, तेव्हां कोठें उजेड पडावा. विजेचा नऊ दशांशांहून अधिक भाग उष्णतेंत जाई; पण ती बव्हंशीं अदृश्य किरणांच्या रूपानें प्रकाशाबरोबरच बाहेर पडे. दिवा उधळ्या होता खरा, परंतु आपली उष्णता आपणच टाकून मोकळा होई.

स्फटिकाच्या प्रकाशाची गोष्ट वेगळी. १९०७ सालीं हेन्री राउंड यांना कार्बोरंडमच्या खड्यांतून वीज सोडतांना अंधुक उजेड दिसला. पुढें रशियांत ओलेग लोसेव्ह यांनीं त्याचा कसून अभ्यास केला. १९४२ सालीं वेढलेल्या लेनिनग्राडमध्यें उपासमारीनें त्यांचा अंत झाला. १९६२ सालीं निक होलोन्याक यांनीं तांबडा दिवा सिद्ध केला. निळ्यासाठीं आणखी तीस वर्षें लागलीं. आकासाकी व अमानो यांनीं वाट मोकळी केली, आणि १९९३ सालीं जपानांतील निचिया कंपनींत नाकामुरा यांनीं प्रखर निळा दिवा केला. या तिघांना २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. निळ्या स्फटिकावर पिवळा प्रकाश देणाऱ्या भुकटीचा लेप देऊन त्याच कंपनीनें १९९६ सालीं पांढरा दिवा बाजारांत आणला.

विजेरीला हा दिवा मिळाला, पण उजेड मिणमिणताच. दोष स्फटिकाचा नव्हता, त्याच्या घराचा होता. खसखशीहूनहि लहान स्फटिक राळेच्या गोळींत बसविलेला, आणि उष्णतेला दोन बारीक तारांखेरीज वाट नाहीं. हा दिवा उष्णता किरणरूपानें पुढें टाकीत नाहीं. ती स्फटिकांतच सांचते. स्फटिक तापला कीं तेवढ्याच विजेंत प्रकाश कमी पडतो, आणि तापतच राहिला तर आयुष्यहि घटतें. म्हणून सुमारें २० मिलिअँपिअरपलीकडे जाण्याची सोय नव्हती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेंतील ल्यूमिलेड्स कंपनीनें स्फटिकाखालीं धातूचा ठोकळा बसवून उष्णतेला रुंद वाट करून दिली, आणि वीज ३५० मिलिअँपिअरपर्यंत चढली.

तेथून पुढें विजेरीचा इतिहास हा पुष्कळसा धातूचा इतिहास आहे. प्लास्टिकपेक्षां सुमारें हजारपट सहजतेनें उष्णता वाहून नेणारें अ‍ॅल्युमिनियम आलें, तांब्याची बैठक आली, डोक्याभोंवतीं हवेला भिडणारे कंगोरे आले. परंतु मुठींत मावणाऱ्या नळीला पृष्ठभाग असून असून किती असणार? म्हणून प्रखर विजेऱ्यांत तापमान वाढलें कीं आंतील यंत्रणा आपण होऊन वीज कमी करते, आणि उजेड उतरतो.

येथें विकत घेणाऱ्याचा संबंध येतो. अमेरिकेंत २००९ सालीं ठरलेलें प्रमाण जे कारखानदार पाळतात, ते उजेड मोजतात तो विजेरी लावल्यापासून अर्ध्या ते दोन मिनिटांच्या आंत. खोक्यावरील ल्यूमेनचा आंकडा तो हा. टिकण्याचा काळ मात्र उजेड एक दशांशावर येईपर्यंत धरतात. तेव्हां ‘हजार ल्यूमेन’ आणि ‘दहा तास’ हीं दोन वाक्यें शेजारीं वाचून दहाहि तास हजार मिळतील, असें समजूं नये. रात्रीं घाट उतरणाऱ्याला अगर पुरांत माणसें शोधणाऱ्याला पहिल्या मिनिटाचा लखलखाट पुरत नाहीं. तासानंतर उरणारा उजेडच त्याच्या कामाचा. तो किती उरेल हें स्फटिकाइतकेंच पाठीमागच्या धातूवर अवलंबून असतें. विजेरी लावून कांहीं वेळानें हाताला ऊब लागली, तर तो दोष मानूं नये. स्फटिकांत कोंडली असती ती उष्णता आपल्या तळहातापर्यंत पोंचली, एवढाच त्याचा अर्थ.