डिझेल, फर्नेस ऑइलची टाकी जमिनीवर ठेवताय? परवाना कधी लागतो आणि बांध कशासाठी?

बेळगावच्या उद्यमबागेतला कारखाना असो, गोव्यातलं हॉटेल असो की इंदूर, वडोदरा, हैदराबादमधलं हॉस्पिटल. जनरेटरसाठी डिझेल आणि बॉयलरसाठी फर्नेस ऑइल साठवणं सगळीकडेच चालतं. राज्य बदललं तरी याचा कायदा बदलत नाही. पेट्रोलियम कायदा, १९३४ आणि पेट्रोलियम नियम, २००२ हे दोन्ही केंद्राचे आहेत. अंमलबजावणी करणारी ‘पेसो’, म्हणजे पूर्वीचा स्फोटक विभाग, हिचं मुख्यालय नागपुरात आहे.

तेलाचे तीन वर्ग

तेलाची वाफ किती तापमानाला पेट घेऊ शकते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. त्यावरून वर्ग ठरतो.

• वर्ग ए : २३ अंश सेल्सिअसच्या खाली. उदा. पेट्रोल.
• वर्ग बी : २३ ते ६५ अंशांच्या आत. उदा. डिझेल, रॉकेल.
• वर्ग सी : ६५ ते ९३ अंशांच्या आत. उदा. फर्नेस ऑइल.

परवाना कधी लागतो?

डिझेलला दोन अटी आहेत आणि दोन्ही एकाच वेळी पाळाव्या लागतात. एका ठिकाणचा एकूण साठा २,५०० लिटरच्या वर नको आणि त्यातलं कुठलंही भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नको. यातली एक जरी मोडली तरी परवाना लागतो.

म्हणजे २०० लिटरची १२ बॅरलं चालतात. तेरावं भरलेलं बॅरल आलं की साठा २,६०० वर जातो. १,५०० लिटरची एकच टाकी असेल तर एकूण साठा कमी असूनही परवाना हवा. बाजारात ९९० लिटरची टाकी का मिळते, याचं उत्तर इथेच आहे. पण अशा तीन टाक्या भरल्या की एकूण मर्यादा ओलांडली जाते.

फर्नेस ऑइलसारख्या वर्ग सी तेलाला ४५,००० लिटरपर्यंत परवाना लागत नाही. मात्र साठवण नियमांप्रमाणेच करायची असते. परवाना नाही म्हणजे नियम नाहीत, असा अर्थ काढू नये.

बांध कशासाठी?

मोठ्या टाक्यांभोवती डाइक, म्हणजे बांध घालतात. सर्वात मोठी टाकी पूर्ण रिकामी झाली तरी तेल आत मावलं पाहिजे, हा त्याचा हिशेब. इंग्लंडमध्ये २००१ च्या नियमांनी टाकीच्या क्षमतेच्या ११० टक्के जागा मागितली. तिथे घरं गरम ठेवायला तेल वापरतात. ३,५०० लिटरपेक्षा मोठ्या घरगुती टाक्याही या नियमांत येतात.

पण नुसता बांध पुरत नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या फ्लोरेफ इथे २ जानेवारी १९८८ रोजी डिझेलची प्रचंड टाकी फाटली. ती जुनी टाकी ओहायोतून सुटी करून आणून पुन्हा जोडली होती आणि पहिल्यांदाच पूर्ण भरली जात होती. तेलाची लाट बांधावरून उसळली, शेजारच्या जागेतल्या उघड्या गटारात शिरली आणि मोनोंगाहेला नदीत गेली. तीन राज्यांतल्या सुमारे १० लाख लोकांच्या पिण्याच्या पाण्याला झळ पोचली. पुढच्याच वर्षी पेनसिल्व्हेनियाने टाक्यांसाठी वेगळा कायदा केला.

आपल्याकडेही भंगारातून जुनी टाकी आणून, रंग मारून बसवली जाते. फ्लोरेफचा धडा तिलाही लागू आहे : पाणी भरून चाचणी घेतल्याशिवाय तेल भरू नये. तेल नदीत गेलं तर राज्याची सीमा त्याला अडवत नाही. खानापूर तालुक्यातली म्हादईच पुढे गोव्यात मांडवी होते.

टाकी बघताना

• बांधाचा व्हॉल्व्ह : पावसाचं पाणी सोडण्यासाठी असतो. काम झालं की बंद. तो उघडा राहिला तर बांध असून नसल्यासारखाच.
• व्हेंट पाइप : टाकी भरताना हवा बाहेर आणि उपसताना आत यायला हवी. पाइप चोंदला तर भरताना टाकी फुगते, उपसताना पिचकते.
• अर्थिंग : वाहत्या तेलात स्थिर वीज तयार होते. टँकर खाली करण्याआधी अर्थिंगची वायर जोडावी.
• तळ : टाकीत साठलेलं पाणी तळाला जातं आणि पत्रा आतून गंजतो. बाहेरून रंग चकचकीत असला तरी हे दिसत नाही. पाणी वेळोवेळी काढावं.
• हीटर : थंडीत घट्ट झालेलं फर्नेस ऑइल तापवायला टाकीत कॉइल असते. तेलाची पातळी कॉइलच्या खाली गेली तर गरम कॉइल वाफेत उघडी पडते. पातळी घसरण्याआधी हीटर बंद करावा.
• भरताना माणूस : टाकी काठोकाठ भरू नये आणि टँकर सुरू असताना जागा सोडू नये.

परवान्यासाठी टाकीचा नकाशा ‘पेसो’कडून मंजूर करून घ्यावा लागतो आणि जिल्हा प्रशासनाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. टाकी बसवून मग कागद करायला गेलं, तर बांधकाम तोडून पुन्हा करण्याची वेळ येऊ शकते. म्हणून आधी नकाशा, मग टाकी.