राखणीला जर्मन शेफर्ड आणताय? आधी त्याचं काम ठरवा

लाखनी : शेतावरच्या घराला राखण हवी किंवा पोरांनी हट्ट धरला म्हणून जर्मन शेफर्डचं पिल्लू घरी येतं. दोन-चार महिने ते सगळ्या घराचं लाडकं असतं. मग ते वाढतं, कोंबड्यांमागे धावतं, खेळता खेळता पोरांच्या टाचा धरतं आणि त्याच्या गळ्यात साखळी पडते. वर्षभरात तोच कुत्रा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगावर धावायला लागतो. 'कुत्रा बिघडला' असं लोक म्हणतात. पण बहुतेक वेळा तो बिघडलेला नसतो, त्याला काम नसतं.

मूळ धंदा मेंढ्या राखण्याचा

अनेकजण या कुत्र्याला अजूनही अल्सेशियन म्हणतात. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये 'जर्मन' शब्द नको म्हणून हे नाव पडलं होतं. या जातीची पद्धतशीर पैदास १८९९ मध्ये जर्मनीत मॅक्स फॉन स्टेफानिट्झ या लष्करी अधिकाऱ्याने सुरू केली. त्याआधी तिथल्या मेंढपाळांकडे असे कुत्रे होतेच. कुंपण नसलेल्या शेतांमध्ये मेंढ्या चरत आणि कुत्रा दिवसभर धुऱ्याधुऱ्याने फिरून त्यांना दुसऱ्याच्या पिकात तोंड घालू देत नसे. झाडीपट्टीत जनावरं आखरावरून नेऊन हे काम गायकी काठी घेऊन करतो, तिकडे ते कुत्रा करायचा.

म्हणजे दिवसभर चालणं, हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर नजर ठेवणं आणि कळपातून सुटलेल्याला वळवून आणणं हे त्याच्या रक्तात आहे. अंगणात मेंढ्या नसल्या की तो पोरं, सायकली, बकऱ्या आणि मोटारसायकली वळवायला लागतो. टाच धरणं ही त्याची मारकी सवय नसते, तो त्याचा जुना धंदा असतो. तरी ती सवय पिल्लू असतानाच मोडावी लागते, कारण पूर्ण वाढलेला नर ३० ते ४० किलोचा होतो.

हुशारीची दुसरी बाजू

मानसशास्त्रज्ञ स्टॅनली कोरेन यांनी १९९४ मध्ये श्वानस्पर्धांच्या परीक्षकांची मतं घेऊन हुशार जातींची यादी केली. त्यात बॉर्डर कोली पहिला आणि जर्मन शेफर्ड तिसरा होता. पोलिस आणि लष्कराच्या श्वानपथकांत तो दिसतो, तो याच गुणामुळे.

पण हुशार कुत्रा वाईट सवयही तितक्याच लवकर शिकतो. भुंकलं की भाकर मिळते आणि फाटकाची कडी नाकाने उघडते, हे त्याला दोन दिवसांत कळतं. म्हणून घरातल्या सगळ्यांनी शब्द एकच ठेवावेत. एकाने 'बस', दुसऱ्याने 'सिट' आणि तिसऱ्याने 'खाली' म्हटलं तर त्याचा गोंधळ होतो. ऐकलं की लगेच शाबासकी किंवा खाऊ द्यावा. काठीने मारल्यास तो काठी धरणाऱ्या प्रत्येकाला वैरी समजू लागतो.

पहिले तीन-चार महिने फार महत्त्वाचे. या काळात त्याला ट्रॅक्टर, बैल, बकऱ्या, लहान मुलं, वरातीचा बँड हे सगळं दुरून, न घाबरवता दाखवावं. लसी पूर्ण होईपर्यंत मोकाट कुत्र्यांच्या जागी मात्र जमिनीवर सोडू नये, कडेवर घेऊन फिरवावं.

रोजचं काम

मोठ्या कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ मिळून दीड-दोन तास फिरणं आणि खेळणं लागतं. लाखनी महामार्गावरचं गाव आहे, त्यामुळे रस्त्यावर पट्टा हातातच असावा. शेतावर जाताना सोबत नेलं तर चालणं आपोआप होतं. पायासोबत डोकंही दमायला हवं. कापडात भाकरीचा तुकडा लपवून हुंगून शोधायला लावणं किंवा फेकलेली वस्तू आणून द्यायला शिकवणं यासाठी पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

न शिकवता बकऱ्यांमध्ये सोडू नये, तो चावून वळवतो. बिबट्यापासून कळप वाचवायलाही तो उपयोगाचा नाही. नागझिरा आणि कोका जंगलाच्या जवळच्या गावांत रात्री बाहेर साखळीला बांधलेला कुत्रा बिबट्याची सोपी शिकार ठरतो, कारण त्याला पळताही येत नाही. रात्री त्याला दार असलेल्या खोलीत किंवा पक्क्या पिंजऱ्यात ठेवावं.

विदर्भाचं ऊन

या कुत्र्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे गेला की टिनाच्या शेडखाली बांधलेला कुत्रा उष्माघाताने मरू शकतो. फिरवणं सूर्य वर यायच्या आधी आणि अंधार पडल्यावरच करावं. डांबरावर उलटा हात पाच सेकंद ठेवता येत नसेल तर त्याचे पायही पोळतात. केस भादरू नयेत, ऊन थेट कातडीवर येतं. रोज विंचरून सुटलेले केस काढावेत. जोरजोरात धाप, लाळ, लटपट दिसली की सावलीत नेऊन पोट आणि पायांवर साधं पाणी ओतावं, वारा घालावा आणि लगेच पशुवैद्यकाकडे न्यावं.

खाणं आणि दुखणी

नुसता कनकीचा भात पुरत नाही. सोबत अंडी, मांस, मासे किंवा पिल्लांचं तयार खाद्य हवं. कांदा-लसणाचा उरलेला रस्सा, चॉकलेट, द्राक्षं आणि शिजवलेली हाडं देऊ नयेत. जेवणानंतर तासभर तरी पळवू नये, या जातीत पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. घरातली पॅरासिटामॉलची गोळी कुत्र्याला विषारी ठरू शकते. धानावर फवारणी झाली असेल तर त्या बांधीतलं पाणी पिऊ देऊ नये.

पावसाळ्यात गोचीड रोज बघावेत. ताप, खाणं बंद, हिरड्या पांढऱ्या किंवा नाकातून रक्त ही गोचीडतापाची लक्षणं असू शकतात. पिकाचं किंवा गुरांचं औषध अंदाजाने अंगाला लावू नये. पार्व्हो आणि डिस्टेंपरची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते. रेबीजची लस तीन महिन्यांनी आणि पुढे पशुवैद्यक सांगतील तशी दरवर्षी द्यावी. कुत्रा कुणाला चावलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात लस सुरू करावी. हळद-चुना लावत बसू नये.

कायदा काय सांगतो

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार कुत्र्याला कायम साखळीला बांधून ठेवणं आणि पुरेसं फिरवू न देणं हा गुन्हा आहे. जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे कुत्रा बांधून ठेवला तरी जबाबदारी सुटत नाही आणि मोकाट सोडला तरी सुटत नाही.

आणण्याआधी घरात विचारा

पिल्लू किमान दोन महिन्यांचं आहे का? त्याची आई आणि लसीचं कार्ड बघितलं का? रोज दोन वेळा फिरवणारा माणूस कोण? रोवणी-कापणीच्या घाईत त्याच्याकडे कोण बघणार? उन्हाळ्यात त्याला थंड जागा कुठे? हा कुत्रा साधारण दहा-बारा वर्षं जगतो, तेव्हा उत्तरं तितक्या वर्षांची हवीत. ती नसतील तर गावठी पिल्लू बरं. त्यालाही लस, खाणं आणि माया लागतेच, पण इथलं ऊन त्याच्या अंगवळणी असतं आणि राखणीत ते मागे राहत नाही.